माळावरची उजळणी

त्या राज्यात पोटापुरते दाणे सर्वांना मिळत. शब्द मात्र वरूनच येत.

राज्याच्या एका टोकाला उंच कडा होता. त्यावर गरुडमहाराजांचा मुक्काम असे. कड्याच्या पायथ्यापासून थेट तळ्यापर्यंत गवताचा माळ पसरला होता आणि जमिनीवर घरटी करणारे सारे पक्षी त्यात राहत. लावे होते, तित्तर होते, चंडोल होते, आणि माळढोकांची चारदोन जुनी घराणी होती. महाराज स्वतः खाली उतरून कोणाशी बोलत नसत. काही सांगायचे असले की कोतवाल येई. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी कोणाचाही आवाज हुबेहूब काढू शकत असे. हुकूम सांगताना तो महाराजांच्या भारदस्त आवाजात सुरुवात करी, मध्येच एखाद्या आईच्या मायेने बोले, आणि शेवटी आपली लांब शेपटी हलवून विचारी, "कळलं का?"

फार जुनी रीत होती. माळाने "कळलं" म्हटल्याशिवाय कोणताही हुकूम लागू होत नसे. ज्याला कळले नसेल त्याला दवंडी देणाऱ्याने समजावून सांगितले पाहिजे, असा त्या रीतीचा दुसरा भागही होता. तो मात्र कोणी कधी वापरला नव्हता. चारचौघांत "मला नाही कळलं" म्हणून आपली शोभा कोण करून घेणार? तेव्हा कोतवालाने विचारले की माळाचे प्रमुख आबा माळढोक मान ताठ करून घसा खाकरत आणि सर्वांच्या आधी म्हणत, "कळलं." मग सगळा माळ त्यांच्या मागून म्हणे, "कळलं, कळलं."

अशाच एका हुकमात "तळ्याच्या पूर्वेकडच्या काठाला विश्रांती दिली जाईल" असे एक वाक्य होते. माळाला ते फार आवडले होते. बिचारे तळे, किती दमत असेल! तेव्हापासून त्या काठावर माळातल्या कोणाला पाणी पिता येत नव्हते. कड्यावरची दरबारी मंडळी तेवढी तिथे उतरत.

या माळावर द्वारकाबाई नावाची एक टिटवी होती. उंच पायांची, डोळ्यांपाशी लाल कोर असलेली, आणि आवाज असा की तळ्यापलीकडे ऐकू जावा. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होणार असे माळात मानत, आणि काही झाले नाही की म्हणत, "उगीच ओरडते, जातच तशी." द्वारकाबाईची आई ओरडून ओरडून थकली होती. तिची आजीही. ओरडण्याने कान उघडत नाहीत, उलट मिटतात, हे द्वारकाबाईने लहानपणापासून पाहिले होते. म्हणून तिने एक सपाट खडक धरला आणि त्याच्याभोवती माळातली पिले जमवून ती त्यांना शिकवू लागली.

दाणे कसे शोधायचे हे ती शिकवत नसे. ते घरोघरी शिकवले जाई. ती शिकवी शब्दांच्या खुणा. वाळूतल्या पावलांवरून कोण गेले ते जसे ओळखता येते, तसे वाक्यावरून त्यातून कोण गेले हे ओळखता येते, असे तिचे म्हणणे होते.

त्या वर्षीचे शिकवून झाले होते आणि उजळणी चालू होती.

"उपमा?" बाईंनी विचारले.

"एक गोष्ट दुसरीसारखी आहे असं सांगणं," सगुणा म्हणाली. ती तित्तराची पोर, चटपटीत आणि थोडी आगाऊ. "तळं आरशासारखं आहे."

"आणि रूपक?"

"त्यातलं 'सारखं' गाळलं की रूपक," केशर म्हणाली. केशर चंडोलाची. वर्गातली सर्वांत हुशार. तिचा गळा गोड होता आणि सुंदर बोलणे ऐकले की तिचे डोळे भरून येत. "तळं म्हणजे आरसाच."

"मग ते 'सारखं' गेलं कुठे?"

"सांगणाऱ्यानं खाल्लं," मागून दगडू म्हणाला.

पिले खिदळली. दगडू हा लाव्याचा मुलगा, मातीच्या ढेकळासारखा गोल. अलंकारांची नावे त्याच्या डोक्यात रात्रभरही टिकत नसत. बाई मात्र हसल्या नाहीत.

"बरोबर बोललास. खाल्लंच जातं ते. म्हणून रूपक कानावर पडलं की आपण ते परत मागायचं. तळं आरसा आहे ना? मग कुठे आरशासारखं आहे, आणि कुठे नाही? आरशात पाय घातला तर पाय भिजतो का?"

"नाही भिजत."

"मग तळं आणि आरसा यांत फरक कुठे पडला, ते लक्षात ठेवायचं. श्लेष?"

"एकच शब्द आणि अर्थ दोन," केशरने लगेच सांगितले. "कोतवालाचा पक्ष मोठा. पक्ष म्हणजे पंख, आणि पक्ष म्हणजे बाजू."

मग बाईंनी गोष्टीचे विचारले. गोष्ट सांगतो तो कोण, त्याला 'आम्ही' म्हणताना कोण कोण अभिप्रेत आहे, आणि त्याने काय सांगितले नाही. न सांगितलेले कुठे सापडते? सांगितलेल्याच्या शेजारीच, असे सगुणाने उत्तर दिले. प्रत्येक उत्तरानंतर बाईंचा एकच प्रश्न ठरलेला असे, आणि पिले त्याला सर्वांत जास्त घाबरत: "आता हेच स्वतःच्या शब्दांत सांगा." पाठ केलेले तिथे चालत नसे.

"बाई, मला नाही कळलं," दगडू म्हणाला. हे तो रोज म्हणे.

"ये, पुढे बस," बाई म्हणाल्या. त्या वर्गात ही रीत होती. ज्याला कळले नाही त्याने पुढे यायचे आणि खडकाला लागून बसायचे. त्यामुळे दगडूची जागा कायम पहिली असे.

उजळणी अर्ध्यावर आली असताना आबा माळढोक स्वतः खडकापाशी आले. ते सावकाश चालत, आणि बोलण्याआधी चारही दिशांना बघत.

"बाई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण पंचांचं असं ठरतंय की, उजळणी आटोपली की हे बंद करावं."

"का हो आबा?"

"पोरं उलट विचारायला लागली. परवा आमच्या नातवाला म्हटलं, थांब, आत्ता येतो. तर मला म्हणतो, 'आबा, आत्ता म्हणजे कधी?' आता याला काय म्हणायचं?" आबांनी मान हलवली. "आणि उपमा-रूपकानं पोट भरतं का बाई? थंडीत गवत वाळतं, तेव्हा किडा कुठे दडतो हे शिकवा. ते उपयोगाचं."

द्वारकाबाईच्या घशाशी ओरडणे आले होते. ते तिने गिळले. "शेवटच्या दिवशी सगळा माळ घेऊन या," ती म्हणाली. "मुलं काय शिकली ते ऐका. मग बंद करा म्हणालात, तर मी करीन."

आबा न्यायी होते. त्यांनी मान्य केले.

शेवटचा दिवस उजाडला. ऊन कोवळे होते. आया पिलांची पिसे नीट करून त्यांना घेऊन आल्या होत्या, बाप मागे उभे राहिले होते, आणि पंच खडकाच्या उजव्या हाताला ओळीने बसले होते. केशरला सगळे पाठ होते. सगुणा सारखी मान वर करून कोण कोण आले ते बघत होती. दगडूच्या आईने त्याला बजावून ठेवले होते, "आज तरी 'नाही कळलं' म्हणू नकोस. लोकांपुढे लाज जाते." शाळा राहते की जाते, हे आज पिलांच्या तोंडी होते.

बाई पहिला प्रश्न विचारणार, तोच कड्याच्या बाजूने काळी रेघ खाली आली आणि कोतवाल खडकावर उतरला. बाईंना त्याने शेपटीनेच बाजूला सारले. सारा माळ आयताच जमलेला पाहून त्याला आनंद झाला असावा. त्याने छाती फुगवली आणि महाराजांच्या आवाजात सुरुवात केली.

"लाडक्या प्रजाजनहो! महाराज म्हणजे आभाळाएवढं छत्र. त्या छत्राची छाया आजवर तुमच्या घरट्यांवर पडू शकली नाही, कारण मध्ये गवत उभं आहे. गवत म्हणजे अंधार. गवत म्हणजे मागासलेपणाची भिंत." इथे त्याचा आवाज बदलला. तो एखाद्या आईसारखा मऊ झाला, आणि समोरच्या आयांना वाटले की आपलीच आई बोलते आहे. "या अंधारात तुमची सोन्यासारखी पिलं जन्मतात, आणि कोणाच्या नजरेस न पडता तशीच मोठी होतात. आम्हाला हे बघवत नाही. म्हणून हा माळ मोकळा केला जाईल. महाराजांची नजर प्रत्येक पिलावर राहील. एकही पिलू खाली राहणार नाही. प्रत्येक पिलू मातीतून उचललं जाईल, उंच नेलं जाईल, आणि महाराजांच्या पंगतीत त्याला मानाचं स्थान मिळेल."

तो थांबला. कुठेतरी एका आईने हुंदका दिला. केशरचे डोळे वाहत होते. "किती सुंदर रूपकं," ती स्वतःशीच पुटपुटली. "छत्र... भिंत..." तिने ती अचूक ओळखली होती.

ते पुटपुटणे बाईंच्या कानावर पडले आणि त्यांच्या अंगावरचे पीस न् पीस उभे राहिले. हुकूम त्यांना पहिल्या ऐकण्यातच कळला होता. पण अलंकारांची नावे सांगणारी आपली सर्वांत हुशार मुलगी त्या नावांपाशीच थांबून रडत होती, आणि हे त्यांना हुकमापेक्षाही जास्त लागले. त्यांनी चोच उघडली. त्यांच्या आजीची आणि आईची ती जुनी किंकाळी बाहेर पडली.

"बाई!" आबांनी दटावले. "चांगलं बोलणं चाललंय. आज तरी नको."

पंचांमध्ये हशा पिकला. "जातच तशी," कोणीतरी म्हणाले.

बाईंनी खाली मान घातली. आता करण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. जे होते ते त्यांनी वर्षभर देऊन टाकले होते, आणि ते कोणाकडे पोहोचले की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते.

"कळलं का?" कोतवालाने शेपटी हलवली.

आबांनी मान ताठ केली. घसा खाकरला.

"मला नाही कळलं," दगडू म्हणाला.

सवयीने तो बोलला आणि सवयीनेच एक पाऊल पुढे येऊन खडकाला लागून बसला. त्याच्या आईने त्याचा पंख धरून मागे ओढले. "गप बस. घरी चल, मग बघते तुझ्याकडे."

"पण आई, तुला कळलं?"

आईने बोलायला चोच उघडली. आजूबाजूला पाहिले. पंच पाहत होते. कोतवाल पाहत होता. तिचा पंख दगडूच्या पंखावर तसाच होता, पण आता तो ओढत नव्हता.

"नीटसं नाही," ती हळूच म्हणाली.

कोतवालाला असले काही ऐकायची सवय नव्हती. तरी त्याने मधाळ हसून विचारले, "बाळ, काय नाही कळलं तुला?"

"उचललं जाईल म्हणालात. कोण उचलणार?"

"प्रत्येक पिलू मातीतून उचललं जाईल," कोतवाल पुन्हा म्हणाला, पहिल्यापेक्षा गोड आवाजात. "उंच नेलं जाईल."

"ते तुम्ही मघाशीच म्हणालात," दगडू म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. वर्गात बाई जशा विचारत तसेच त्याने विचारले. "आता स्वतःच्या शब्दांत सांगा."

द्वारकाबाईने मान वर केली.

कोतवालाने तेच वाक्य महाराजांच्या आवाजात म्हटले. मग तित्तराच्या आवाजात. मग आबांच्या. आवाज बदलत होते, वाक्य बदलत नव्हते. त्याच्या गळ्यात साऱ्या माळाचे आवाज होते, आणि स्वतःचा असा एक शब्द त्याला सापडत नव्हता.

"मलाही एक नाही कळलं," सगुणा पुढे येऊन दगडूशेजारी बसली. "महाराजांच्या पंगतीत मानाचं स्थान मिळेल म्हणालात. ते पाटावर, की पानात?"

मागच्या रांगेतला एक बाप हसला आणि अर्ध्यावरच थांबला. त्याने आपल्या पिलाकडे पाहिले.

"हा महाराजांचा अपमान आहे!" कोतवाल ओरडला.

"आम्ही विचारतोय फक्त," सगुणा म्हणाली. "आणि हे 'आम्हाला बघवत नाही' म्हणालात, त्यातले आम्ही म्हणजे कोण? महाराज, तुम्ही, की आणखी कोणी?"

आता केशर उठली. तिचे डोळे अजून ओले होते. ती पुढे आली, आणि सर्वांना वाटले की ही हुशार मुलगी या दोघांना गप्प करील.

"मला ते फार आवडलं होतं," ती म्हणाली. "अजूनही आवडतंय, म्हणूनच वाईट वाटतं. छत्र म्हणालात. छत्राची सावली पडते तशी पंखांचीही पडते. पण छत्राला दांडा असतो. नखं नसतात. गवताला भिंत म्हणालात. भिंत वाट अडवते, हे खरं. पण कोणाची अडवते, ते सांगितलं नाहीत. आम्ही तर तिच्यातूनच येतो-जातो." पुढचे बोलणे तिला जड जात होते. "आणि उचलणं. त्याला दोन अर्थ आहेत. मी दाणा टिपते, तेव्हा मीसुद्धा त्याला मातीतून उचलते. उंच नेते. एकही खाली ठेवत नाही."

आयांनी नकळत पिलांना पंखांखाली ओढून घेतले.

द्वारकाबाई खडकाच्या कडेला एका पायावर उभी होती. दुसरा पाय टेकवायचे तिला भान नव्हते. केशर दाण्याविषयी बोलली ते वाक्य तिने वर्गात कधी शिकवलेले नव्हते. ते कुठल्याच धड्यात नव्हते. ते केशरचे होते. "ही माझी पोरं," ती मनात म्हणाली, आणि तिच्या छातीत असे काही भरून आले की आयुष्यात पहिल्यांदाच तिला ओरडावेसे वाटले नाही.

कोतवालाने पंचांकडे वळून डोळे वटारले. "पोरांचं काय ऐकता? आबा, तुम्ही बोला. नेहमीसारखं."

आबा माळढोक उभे राहिले. त्यांनी चारही दिशांना पाहिले. पूर्वेला पाहताना त्यांची नजर तळ्याच्या त्या काठावर जरा जास्त वेळ टिकली. इतकी वर्षे ते सर्वांआधी "कळलं" म्हणत आले होते, आणि त्यातले खरे किती वेळा कळले होते हे फक्त त्यांनाच माहीत होते.

"रीत आहे," ते म्हणाले. "कळलं नाही असं कोणी म्हटलं, तर दवंडी देणाऱ्यानं समजावून सांगायचं. वाडवडिलांपासूनची आहे." ते सावकाश चालत आले, आपल्या जड देहासह खाली वाकले आणि दगडूच्या शेजारी, खडकाला लागून बसले. "मलाही नाही कळलं. सांगा. तुमच्या शब्दांत."

त्यांच्या मागोमाग दगडूची आई आली. मग हसता हसता थांबलेला तो बाप. मग एकेक करून इतके आले की पुढे जागा उरली नाही.

कोतवाल खडकावर एकटा होता. त्याने गळा फुगवला. आवाज निघाला नाही. पुन्हा फुगवला. मग एक खरखरीत, बारीक आवाज आला. तो कोणाचाच नव्हता. कोणी तो पूर्वी ऐकला नव्हता, आणि कोतवाल स्वतःही तो ऐकून दचकला.

"गवत काढणार," तो म्हणाला. "गवतात पिलं दिसत नाहीत. उघड्यावर दिसतील. मग महाराज..." तो थांबला. "मग महाराज खाणार."

इतके बोलून त्याने पंख गळून गेल्यासारखे खाली सोडले.

"आता कळलं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच भारदस्त होता. "आणि कळलं म्हणूनच, होकार नाही."

"नाही," माळ म्हणाला. पहिल्यांदा म्हणत असल्यामुळे तो शब्द वेगवेगळ्या जागी, मागेपुढे उमटला.

कोतवाल उडाला, पण कड्याकडे गेला नाही. तळ्याच्या पलीकडे, बाभळींच्या दिशेने गेला. पुढे कधीमधी त्या बाजूने एक खरखरीत गाणे ऐकू येई. ते कोणाच्या गाण्यासारखे नव्हते.

महाराज संतापले. ते माळावर खाली उतरून घिरट्या घालू लागले आणि त्यांची सावली गवतावरून फिरत राहिली. पण गवत उभे होते, आणि हुकमाशिवाय ते काढायला येणारे कोणी नव्हते. शेवटी ते कड्यावर परतले. गरुड गरुडच राहिला. त्या दिवसापुरता उपाशी राहिला, एवढेच.

मंडळी पांगली तेव्हा दगडू बाईंपाशी घुटमळला.

"बाई, 'उचललं जाईल' असं म्हणतात आणि उचलणारा सांगत नाहीत, त्याला काय म्हणतात? तुम्ही सांगितलं होतं. मी विसरलो."

"कर्मणी प्रयोग."

"उद्या परत विसरेन."

"विसरलास तरी चालेल," बाई म्हणाल्या. "विचारायचं मात्र विसरू नकोस."

शाळा बंद करण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. दोन-चार दिवसांनी आबा खडकापाशी आले. चारही दिशांना न बघताच बोलायला लागले. "बाई, एक विचारायचं होतं. 'काठाला विश्रांती दिली जाईल.' यात विश्रांती देणारा कोण?"

"तुम्हाला काय वाटतं, आबा?"

आबांनी तळ्याकडे पाहिले. "मला वाटतं, उद्या सकाळी मी त्या काठावर पाणी प्यायला जावं," ते म्हणाले.

ते गेले. त्यांच्यामागून पुष्कळ जण गेले. काठावर कड्यावरची मंडळी बसली होती. त्यांनी "इथे विश्रांती चालली आहे" असे सुनावले, तेव्हा आबांच्या नातवाने विचारले, "कोणाची?" आणि सगळे पाणी पिऊ लागले.

त्यानंतर बाईंच्या वर्गातली पिले मोठी झाली. त्यांना घरटी झाली, आणि प्रत्येक घरट्यात झोपताना कुजबूज ऐकू येऊ लागली. कोणी आई गोष्ट सांगून विचारी, "सांग बघू, कोल्हा असं का म्हणाला?" कोणी बाप अंगाईच्या मधेच थांबे आणि म्हणे, "चांदोबा खरंच मामा आहे का रे? कुठे आहे, कुठे नाही?" केशर गाणी रचू लागली. तिची गाणी फार सुंदर असत, आणि सुंदर आहेत म्हणून कोणी ती तपासल्याशिवाय घेत नसे. याचा तिला राग येत नसे. उलट कोणी अडवून विचारले की ती उत्तर द्यायला आनंदाने गवतात उतरे. द्वारकाबाई आता थकली होती. एका टेकाडावर बसून ती हे सारे ऐके आणि मान उंच करी. तिची मान इतकी लांब आहे हे तोवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

मग एके दिवशी कड्यावरून नवा दवंडीवाला आला. हा कोकीळ होता. त्याच्याइतका गोड गळा त्या राज्यात दुसरा नव्हता. महाराजांनी शोधूनच आणला असावा. ऐन दुपार होती आणि वारा पडलेला होता. टिटवीची पिले असोत की लाव्याची, वरून कोणी आले की गवतात अंग चोरून, जमिनीला चिकटून पडायचे, हा त्यांचा जन्मजात स्वभाव. माळ तसाच निपचित होता. एक पातेही हलत नव्हते. कोकीळ मधल्या उंच दगडावर उतरला, त्याने त्या निश्चल गवतावरून समाधानाने नजर फिरवली, आणि आपला पहिला स्वर लावला.

"माझ्या प्रिय..."

वारा मुळीच नव्हता. तरी त्याच्या पायाशी गवत किंचित हलले. मग थोडे पलीकडे हलले. मग कड्याच्या पायथ्यापासून पार तळ्याच्या पूर्वेच्या काठापर्यंत सारा माळ सळसळू लागला, आणि जागोजागी त्यातून लहान लहान माना वर आल्या.